चुलीच्या तीन दगडांची खूण

कचेरीत रुजू झाले त्या वर्षी केलेली एक यादी माझ्याकडे अजून आहे. रद्द झालेल्या फॉर्मच्या पाठीवर नऊ ओळी, आणि खाली वेगळ्या शाईत दहावी. प्रत्येक ओळीत एक साल, एक गाव, एक माणूस. पुढे मी वाणसामानापासून बदल्यांपर्यंत सगळ्याच्या याद्या केल्या, पण इतकी कामाला आलेली दुसरी नाही.

एकसष्ट-बासष्टची गोष्ट. अकोल्याच्या आरोग्य कचेरीत मी नवी कारकून होते. माहेर अमरावतीचं. कचेरीत देवी टोचणारे एकजण होते, सगळे त्यांना काका म्हणत; निवृत्तीला सहा महिने उरलेले. छत्री आणि पत्र्याची पेटी घेऊन ते गावोगाव हिंडायचे. घरी काकू दम्यानं बेजार. त्यांचं औषध दवाखान्यातून फुकट मिळायचं. त्या उन्हाळ्यात परिपत्रक आलं: यापुढे औषध फक्त कर्मचाऱ्याला, कुटुंबाला नाही.

काका म्हणाले, "ठीक हाय. पेन्शनीतून घेऊ."

दिवाळीच्या आत दुसरं परिपत्रक आलं. सेवापुस्तकात नोंद असेल तेवढीच नोकरी पेन्शनला धरायची. काकांच्या पहिल्या नऊ वर्षांची पानंच नव्हती. राज्य बदललं तेव्हा दप्तरं या गावाहून त्या गावी गेली, त्यात ती कुठे गळाली कोण जाणे. नऊ वर्षं गेली की पेन्शनचा जवळजवळ तिसरा हिस्सा जात होता. काकूंचं औषध त्यात बसत नव्हतं.

"पुरावा आना," आमचे हेडक्लार्क म्हणाले. त्यांना सगळे बडेबाबू म्हणत. "मले काय, मी तं आत्ता कागद पुढं पाठवतो."

मी कागद ओढला. "काका, त्या नऊ वर्षांत कुठं कुठं फिरलात?"

बार्शीटाकळीकडची गावं होती. टोचणारा गावात आला की कोतवालाच्या बुकात सही करायचा, म्हणून आम्ही रविवारी एस.टी.नं निघालो. पहिल्या गावचं बुक उधईनं खाल्लेलं. दुसऱ्या गावात बुक होतं, पण ती सालं नव्हती. तिसऱ्या गावचा कोतवाल लग्नाला गेलेला आणि पेटीची चावी त्याच्या करदोट्याला. मी तीन गावांवर काट मारली. काका निंबाखाली टेकले.

"इथंच उभा राहून टोचत होतो," ते म्हणाले. "घरात घेत नसत आमाले. लेकराच्या दंडाले माहा हात चालायचा, माह्या हातचं पानी नाई चालायचं." आणि हसले. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन त्यांना पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्याही घरानं घेतली होती. मला हसू आलं नाही, त्यांना आलं.

तेवढ्यात कापूस वेचून परतणारी एक म्हातारी थबकली.

"अवो, देवीवाले भाऊ! मेले म्हनत होते तुमाले!"

"कोन म्हनत होतं?"

"मीच!"

तिनं आम्हाला ओढत नेलं, ओट्यावर बसवलं, चहा पाजला. काम काय ते मी सांगितलं. "कागद कायले पाह्यजे?" म्हणत तिनं गाडीला वंगण घालणाऱ्या आपल्या थोराड मुलाची बाही खांद्यापर्यंत सारली. "हा घ्या कागद!"

दंडावर तीन गोल खुणा होत्या. एक वर, दोन खाली, चुलीच्या तीन दगडांसारख्या.

"बाकीच्याइचं असं नसते," म्हातारी म्हणाली. "हे या भाऊचंच."

मी आनंदानं लिहायला घेतलं आणि पेन्सिल थांबली. नियम चार खुणांचा होता. काका छत्रीची मूठ न्याहाळत होते.

"काका, चौथी?"

"तीन झाले का लेकरू मायकडं पाह्यते, माय माह्याकडं पाह्यते. चौथ्याले हात नाई उठत, बाई."

म्हणजे नोकरीचा पुरावा तोच चुकीचाही पुरावा. परतीच्या बसमध्ये काका म्हणाले, "राहू द्या. तीस वर्षांत एक मेमो नाई भेटला. जाता जाता कायले?"

"आणि काकूंचं औषध?"

 अकोल्याला उतरताना काका म्हणाले, "लिहा."

मी यादी केली. टोचणं जन्माच्या वर्षीच होई, म्हणून एका सालाला एक माणूस, सोबत शाळेचा जन्मतारखेचा दाखला. म्हातारीनं निरोप फिरवले. तीन आठवड्यांनी एका मंगळवारी अमरावतीहून मोठे डॉक्टरसाहेब तपासणीला येणार होते आणि त्याच दिवशी त्या गावांच्या कापसाच्या गाड्या अकोल्यात यायच्या होत्या. अकरा वाजता केसांत, मिशांत कापूस अडकलेले आठजण कचेरीच्या व्हरांड्यात बाह्या सारून उभे राहिले.

"हे काय कापसाचं जिनिंग हाय?" बडेबाबू ओरडले. साहेब बाहेर आले. मी यादी पुढं केली. त्यांनी आठही दंड वाकून पाहिले, दाखले पाहिले.

"खुणा तीनच कशा?"

काकांनी खरं ते सांगितलं. बडेबाबूंनी मेमोसाठी टाक उचललासुद्धा.

"यातल्या कुणाला देवी आल्या?" साहेबांनी विचारलं.

"एकालेई नाई, साहेब," म्हातारीचा मुलगा म्हणाला. "आल्या असत्या तं दंड दाखवाले आलो असतो काय?"

"नववा कुठाय?"

नववी अमरावतीला दिलेली लेक होती. ती तेवढ्यात धापा टाकत आली, कडेवर तान्हं. "बस पंक्चर झाली, बाप्पा!" तिनं पदर सारून आपला दंड दाखवला आणि बाळ काकांपुढं धरलं. "आन् याले बी टोचा. दुसऱ्यापाशी मी देत नाई."

"टोचा," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर. नियमाप्रमाणे."

काकांनी पेटी उघडली. एक झालं, दोन झालं, तीन झालं. बाळानं आईकडं पाहिलं, आईनं काकांकडं. काकांचा हात वरच राहिला.  साहेबांनी सावकाश चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला, पुसतच राहिले.

"झालं?"

"झालं, साहेब."

"साहेब, तीनच..." बडेबाबू पुटपुटले.

"बडेबाबू, मोजायला मला चष्मा लागतो. नऊ वर्षं धरायची शिफारस लिहा."

व्हरांड्यात असा हशा उठला की बाहेर बैलांनी माना वळवल्या. बडेबाबू मान खाली घालून लिहीत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

निवृत्तीआधी आदेश आला, नऊ वर्षांसकट. पुढे दर महिन्याला काका पेन्शन घेऊन औषधाच्या दुकानात जात आणि बाटली दाखवायला माझ्या टेबलाशी येत. पहिल्या खेपेला त्यांनी यादी मागितली, चष्मा लावून वाचली.

"नऊच?"

"नऊच लागत होते ना, काका."

"टोचलं तं दहाले."

मी हिरवी शाई घेतली आणि दहाव्या ओळीत अमरावतीचं ते तान्हं लिहिलं.