मिस आयझोची उघडी राहिलेली गोष्ट

किंग्स्टनमध्ये अंगणोअंगणी मोठ्या स्पीकरवर रेकॉर्डी वाजवून लोकांना नाचवणारे जे साउंडवाले, त्यांतल्या निम्म्यांचे स्पीकरचे खोके ऑस्बर्न टुलकच्या हातचे. सुतारकामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. तरी लोक त्याला ओळखायचे ते एका गाण्यामुळे. चौऱ्याहत्तर साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने एकच रेकॉर्ड काढली. जाळं विणणाऱ्या आठ पायांच्या लबाड कोळ्याने नदीचा आवाज उसना घेतला, त्या गोष्टीचं गाणं. बेस घुमायला लागला की अंगणातली माणसं हातातली ताटली खाली न ठेवताच नाचायला उठायची. दुसरं गाणं त्याला कधी जमलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "एकदा गायलो, पोट भरलं." हे साफ खोटं होतं. पण लोक सभ्य, कोणी खोदून विचारलं नाही.

गोष्ट त्याची नव्हतीच मुळी. त्याच बेटावर, पोर्टलंडच्या डोंगरात त्याला लहानाचं मोठं केलं ते आयझोलिन आत्याने. गाव तिला मिस आयझो म्हणायचं. दिवेलागण झाली, भांडी विसळून झाली की ती अंगणातल्या ठोकळ्यावर बसायची आणि सगळा शेजार गोळा व्हायचा. कोळी नदीला म्हणतो, "बाई, एका संध्याकाळपुरता तुझा आवाज दे, लग्नात गायचंय." नदी भोळी, ती देते. कोळी गातो, वाहवा होते, आणि आवाज परत करायचं तो सोयीस्कर विसरतो. तेव्हापासून ती नदी मुकीच वाहते. मधे आत्या नदीच्या आवाजात गायची, "दे रे माझं, दे रे मला," आणि सगळं अंगण तिच्यामागून म्हणायचं.

गोष्ट संपली की मात्र स्वर्गाच्या दारावरच्या राखणदाराला उद्देशून एक ओळ म्हणावीच लागे. "दारावरच्या बाबा, गोष्ट माझी नाही, मी नुसती सांगितली." ती म्हटली नाही तर गोष्टीतला खोडसाळपणा सांगणाऱ्याला चिकटतो आणि गोष्ट उघडी राहते. एक उघडी असताना दुसरी कोणीच काढायची नाही. ज्याने उघडली त्यानेच मिटवायची. आणि ऊन असेपर्यंत गोष्टीला तोंड फोडायचं नाही, नाहीतर सांगणाऱ्याच्या आईवर काहीतरी ओढवतं. हे त्या गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

ऑस्बर्नलाही ठाऊक होतं. रेकॉर्डिंगसुद्धा त्याने दिवेलागणीनंतरच ठेवायला लावलं होतं. म्हणजे एक नियम पाळला, आणि दुसरा मोडला. रेकॉर्डवर शेवटची ओळ नाही.

रेकॉर्ड डोंगरात पोचली. आत्याने रेडिओला कान लावून पूर्ण ऐकली. त्या नाताळात तो घरी आला तेव्हा तिने एवढंच विचारलं, "ओळ कुठाय रे?"

"स्टुडिओच्या मालकाने कापली, आत्या. म्हणाला, तीन मिनिटांत बसत नाही."

"मग तू मिटव. आज राहा, संध्याकाळी अंगणात म्हण."

"शेवटची व्हॅन चारला आहे गं."

आणि तो चारच्या व्हॅनने गेला. पुढची पंचेचाळीस वर्षं तो येत राहिला, नाताळाला, लग्नाला, मयताला, आणि दरवेळी चारच्या व्हॅनने परत गेला. आत्याने त्या दिवसापासून एकही गोष्ट सांगितली नाही. शेजार आधी रुसला, मग विसरला. ठोकळ्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

खरं असं होतं की मालकाने काहीच कापलं नव्हतं. मालक बिचारा म्हणाला होता, "ठेव की, छान वाटते." ओळ ऑस्बर्ननेच गिळली. रेकॉर्डच्या लेबलवर 'गीत आणि चाल' म्हणून त्याचं एकट्याचं नाव छापून यायचं होतं. गोष्ट माझी नाही असं स्वतःच गायल्यावर कोणीतरी विचारणारच, मग कोणाची? त्या एका प्रश्नाला तो घाबरला. तेव्हा घाबरला ते समजू शकतं. पुढची पंचेचाळीस वर्षं घाबरत राहिला, ते मात्र त्याचं त्याला कधी माफ करता आलं नाही.

मग आत्याच्या मुलीचा, डोरेटचा निरोप आला. "आई ब्याण्णवची झाली. कधी ओळखते, कधी नाही. यायचं तर ये."

तो भर दुपारी पोचला. आत्या ओसरीवर बसून मक्याची लापशी खात होती. त्याला पाहून चमचा खाली ठेवला.

"ऑस्बर्न! किती रे वाळलास! किंग्स्टनमध्ये जेवायला देतात की नुसतं नाचवतात?"

डोरेट आतून बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आठवड्यात पहिल्यांदा नाव घेतलंय कोणाचं."

ऑस्बर्न आत्याच्या पायाशी बसला. "आत्या, आज राहणारे मी. ती गोष्ट मिटवायचीय. आणि आणखी एक सांगायचंय."

तिचे डोळे लख्ख झाले. "आलास होय शेवटी! मिटव मग." मग तिनेच बाहेर बोट केलं. "पण ऊन आहे."

"हो. उतरू दे."

"आईला जपायला हवं," ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याखेरीज त्याला आई नव्हतीच. कबुलीला उन्हाचा काही अडसर नव्हता, ती तेव्हाही देता आली असती. पण सगळं एकदमच सांगू, असं त्याने ठरवलं. पंचेचाळीस वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी पाच तास काय जड?

दुपारभर त्याने ठोकळ्याची फुटलेली कड नीट केली. डोरेट म्हणाली, "संध्याकाळी तिचं काही खरं नसतं हं." त्याने ऐकलं, आणि उन्हाकडे बघत बसला.

दिवे लागले. शेजारची चारपाच माणसं आली. ऑस्बर्न ठोकळ्यावर बसला आणि त्याने कोळी काढला, नदी काढली. नदीची ओळ आली. शेजाऱ्यांना मागून म्हणायचं ठाऊक नव्हतं, तो एकटाच म्हणत राहिला. शेवटी आत्याकडे तोंड करून तो मोठ्याने म्हणाला, "दारावरच्या बाबा, गोष्ट माझी नाही, मी नुसती सांगितली. ओळ मीच गिळली होती, आत्या. मालकाने नाही."

आत्या कौतुकाने बघत होती, पाहुण्याकडे बघावं तशी. "छान गाता हो तुम्ही. पण गोष्ट तुमची नाही, तर मग कोणाची?"

"तुमची," तो म्हणाला. आत्याला आयुष्यात पहिल्यांदा त्याने अहो-जाहो केलं, कारण ती तसं बोलली होती.

ती हसायला लागली. "माझी कुठली? मला मेलीला एकसुद्धा गोष्ट येत नाही." आणि डोरेटकडे वळून तिने विचारलं, "या पाहुण्यांना व्हॅन किती वाजताची आहे गं?"