तव्याची माती

ग्वाचिपिलिन गावात कुणाचा मका अवेळी पिवळा पडला, की तो माणूस खत आणायला खाली बाजारात जाण्याआधी वर तेओदोलिंदाच्या घरी यायचा. सगळे तिला मानानं दोन्या तेओ म्हणत. ती हातातलं काम टाकायची नाही. मक्याच्या तोर्तिया भाजून व्हायच्या, कोंबड्यांना दाणे टाकून व्हायचे, मग कुदळ खांद्यावर घेऊन ती त्याच्या मागोमाग शेतावर जायची. तिथे गुडघाभर खड्डा खणायची. काळ्या मातीचा थर किती बोटं आहे ते मोजायची, मूठभर माती थुंकीनं ओली करून दाबायची, हुंगायची, ढेकळं फोडून गांडुळं बघायची.

एकदा एकानं खतावर खत टाकून वैतागून तिला बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, "तुझी माती उपाशी नाहीये. गुदमरलीये. दोन वर्षं गुरं घालू नकोस इथे." त्यानं घातली नाहीत आणि तिसऱ्या वर्षी तिला मक्याची दोन पोती आणून दिली.

ही विद्या ती सव्विसाव्या वर्षी शिकली. नवऱ्याचं, अन्सेल्मोचं शेत इतक्या उतारावर होतं, की दर पावसात मक्याची मुळं उघडी पडायची आणि चांगली माती ओढ्याला जायची. पलीकडच्या खोऱ्यातला एक शेतकरी गावोगाव फिरून शिकवायचा. त्यानं तिला तीन काठ्यांची घोडी बांधायला शिकवली: दोन पाय, मध्ये एक आडवी काठी, शेंड्यावरून दोरीला लोंबणारा दगड. दोरी आडव्या काठीवरच्या खुणेशी आली, की दोन्ही पाय एका पातळीत. असं पावलापावलानं डोंगरावर सपाट रेघ आखत जायची आणि त्या रेघेवर गुडघाभर चर खणायचा, दोन्ही टोकांना बंद. शेतावर पडलेलं पाणी शेतातच मुरलं पाहिजे, एवढाच नियम. पहिला चर खणताना लोक कुंपणावर येऊन उभे राहिले. अन्सेल्मोला पुरायला एवढा लांब खड्डा कशाला, तो काही इतका उंच नाही, असं म्हणून हसले. चौथ्या वर्षी तिच्या शेतात दुप्पट मका आला आणि तेच लोक घोडी मागायला आले.

तीस वर्षांत तिनं एकतीस शेतांवर रेघा आखल्या. अन्सेल्मो गेला तरी घोडी फिरत राहिली. पाय बदलले, दोरी बदलली, दगड मात्र तोच.

एकतिसावं शेत निकानोरचं. तो तिचा कोम्पाद्रे, म्हणजे तिच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला त्यानं मुलीला हातावर घेतलं होतं. त्या नात्यानं मुलगी त्याचीही झाली आणि तेओ त्याची कोमाद्रे. फिदेलिनाचं लग्न झालं तेव्हा त्यानं तिला आपल्या उताराच्या पायथ्याशी घर बांधायला जागा दिली. फिदेलिनानं आईला विचारलं, तिथे वरून पाणी येईल का. तेओनं सांगितलं, "वर माझे चर आहेत. एक थेंब खाली यायचा नाही." हे वाक्य तिला पुढे फार दिवस ऐकू येत राहिलं.

त्या ऑक्टोबरात पाऊस आला तो थांबेचना. जोर नव्हता, पण नऊ दिवस आभाळ खाली बसून होतं. कपडे वाळेनात. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका आंबायला लागला. निकानोर मात्र खुशीत होता. त्याचा घेवडा फुलावर आला होता, आणि पुढच्या रविवारी चार गावांतून माणसं त्याचे चर बघायला येणार होती. सकाळी वाटेत भेटला तेव्हा तो म्हणाला, की आधी भरलेला चर रिकामा व्हायला दोन दिवस लागायचे. आता तासाभरात पाणी गडप होतं. "माझी माती दारुड्यासारखी पितेय, कोमाद्रे," तो म्हणाला.

ती हसली. पुढे मुलीकडे गेली, तर तिथेही आनंदच. स्वयंपाकघराच्या मागे, डोंगराच्या कुशीला, एक झरा फुटला होता. फिदेलिनानं त्याखाली बादली लावली होती, भोपळ्याचं तुंबं ठेवलं होतं. सुयापा आणि देल्मी, दोघी नाती, त्यात पाय बुडवून बसल्या होत्या. आता ओढ्यावर जायला नको, फिदेलिना म्हणाली, देवानं नळ घरात आणून दिला. तेओनं तुंबं भरून घेतलं. पाणी गढूळ होतं. तळाशी राखाडी गाळ बसला. तिनं तो बोटांत घेतला. तो बोटांतून साबणासारखा निसटला.

तुंबं तसंच ठेवून ती वर चढली. निकानोरची माती पाणी पितेय आणि मुलीच्या चुलीमागे डोंगर पाणी ओकतोय, हे दोन आनंद तिनं एकमेकांशेजारी ठेवले आणि कुदळ उचलली.

निकानोरच्या उताराच्या मध्यावर तिनं खणायला घेतलं. गुडघ्यापर्यंत काळी, भुसभुशीत, कुणालाही दाखवावी अशी माती. आजवर ती इथेच थांबायची. कंबरेपर्यंत पिवळी. निकानोर घेवड्याची नासाडी बघून कुरकुरत आला, पण तिचा चेहरा बघून त्यानं दुसरी कुदळ आणली. गळ्याइतकं खोल गेल्यावर कुदळीचा आवाज बदलला. खाली राखाडी, गुळगुळीत थर होता आणि त्याच्या पाठीवरून पाणी सरकत होतं. त्या थरातही तिनं हातभर खणलं.

तिनं मूठभर माती उचलून तळहातांत वळली. करंगळीएवढी वात झाली. वात वाकवून कडं केलं. कडं कुठेच फाटलं नाही.

आईचे हात आठवायला तिला वेळ लागला नाही. आई मडकी करायची, मातीचे तवे करायची, आणि त्यासाठीची राखाडी माती ह्याच उताराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या काठावर खणायची. तेओ लहानपणी टोपली घेऊन तिथे बसायची. अशीच वात वळून, असंच कडं करून आई बघायची: फाटलं नाही, म्हणजे तव्याला चालेल. गावातल्या सगळ्या बायकांना ती जागा ठाऊक होती. पण तव्याची माती बायकांची आणि शेताची माती वेगळी. एकीचं नाव दुसरीच्या गोष्टीत कुणी काढत नसे. तेओनंही काढलं नाही. आपल्या शेताखाली फुटका खडक आहे, पाणी त्यातून निघून जातं, म्हणून तिनं सगळ्या डोंगराचं पोट तसंच धरलं होतं. इथे पोटात तवा होता, तिरपा ठेवलेला, आणि गेली सात वर्षं ती त्यावर पाणी साठवत होती.

"चर फोडायला हवेत," ती म्हणाली. "आजच. सगळे. पाणी बाजूच्या घळीत जाऊ दे."

निकानोर खड्ड्याच्या काठावर बसला. मग त्यानं टोपी काढून पुन्हा घातली.

"पाणी बाहेर जाऊ दिलं म्हणून तुम्ही मला भर चौकात गाढव म्हणाला होतात, कोमाद्रे. सगळ्यांसमोर. आठवतंय?"

"आठवतंय."

"मग आता गाढव कोण?"

"मी. पण चर फोडा."

त्यानं फोडले नाहीत. रविवारी माणसं येणार, घेवडा फुलावर, आणि वय झालं की बाईला सगळीकडे मरण दिसतं, असं तो गावात बोलला. तिनं एकटीनं वरचा एक चर टोकाला फोडला. दुसऱ्या दिवशी तो नीट बुजवलेला होता, वर गवतसुद्धा लावलेलं.

मुलीशी बोलणं त्याहून कठीण गेलं. फिदेलिनाचा नवरा कॉफीच्या तोडणीला गेला होता. घर सोडून आईकडे जायचं तर शेजारणी काय म्हणतील, कोंबड्यांचं काय, झऱ्याचं काय, असं ती एकेक काढत गेली. शेवटी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तूच म्हणालीस ना, एक थेंब खाली यायचा नाही?"

"थेंब येणार नाही," तेओ म्हणाली. "डोंगर येईल."

फिदेलिनानं कमरेवरचे हात काढले. पटलं म्हणून नव्हे. त्याच वेळी तिला आठवलं, की स्वयंपाकघराचं दार चार दिवस झाले लागत नाहीये. ओलीनं लाकूड फुगलं असेल म्हणून तिनं दोनदा ते तासलं होतं. तेओनं जाऊन बघितलं. दार सरळ होतं. चौकट तिरकी झाली होती.

पाऊस थांबेपर्यंत, एवढ्या बोलीवर त्या वर, घळीपलीकडे तेओच्या घरी आल्या: फिदेलिना, दोन्ही मुली, कोंबड्या, आणि तव्याशिवाय तिचं पान हलत नाही म्हणून तवा. तेओच्या आईनं घडवलेला, काठ काळा पडलेला.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. असं ऊन पडलं की डोंगर धुऊन वाळत टाकल्यासारखा दिसू लागला. बायकांनी कुंपणभर कपडे पसरले. निकानोर खालून जाताना वर बघून विचारायचा, काय दोन्या तेओ, आला का डोंगर, का वाट चुकला? आजूबाजूचे हसायचे. फिदेलिनालाही हसू यायचं आणि ती ते लपवायची नाही.

तेओ रोज सकाळी त्या खड्ड्याशी जायची. ऊन असलं तरी खड्ड्यात रोज हातभर पाणी असायचं. वरून पाऊस थांबला, पण आतून चालूच आहे, ती सांगायची. कुणी ऐकत नसे. ऊन पडलेल्या दिवशी असलं बोलणं ऐकायला कुणाला आवडतं?

सहाव्या दिवशी खड्डा कोरडा होता.

निकानोर आधीच तिथे उभा होता, रविवारसाठी घेवड्याच्या ओळी नीटनेटक्या करत. "बघा," तो म्हणाला, "आटलं. आता तरी पोरीला घरी जाऊ द्या." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दमलेल्या माणसाला बसायला सांगावं तसा सूर होता. खाली पायवाटेवर फिदेलिना निघालीच होती, डोक्यावर पंच्यात गुंडाळलेला तवा, मागे हाताला हात धरून दोघी मुली. तिनं सकाळी आईला विचारलंही नव्हतं.

तेओ खड्ड्यात वाकून बघत राहिली. पाणी एका रात्रीत कुठे गेलं? काहीतरी खटकत होतं आणि ते पाणी नव्हतं. तिनं पिशवीतून घोडीचा दोरीबांधला दगड काढला, दोरी खड्ड्याच्या उताराकडच्या काठाला भिंतीलगत धरली आणि दगड खाली सोडला. खणताना तिनं सवयीनं ही भिंत दोरीनंच सरळ केली होती. आता दगड गळ्याइतक्या खोलीपर्यंत गेला आणि तळ गाठण्याआधीच मातीवर टेकून थांबला. खालची राखाडी भिंत जागेवर होती. वरचा सगळा डोंगर, घेवड्यासकट, चरांसकट, निकानोरसकट, तिच्यावरून वीतभर पुढे सरकला होता, आणि सरकताना उघडलेल्या फटीतून पाणी निघून गेलं होतं.

ती ओरडली नाही. ओरडलं तर पोरगी वाद घालायला थांबते, हे तिला ठाऊक होतं. तिनं निकानोरच्या दंडाला धरून त्याला बाजूच्या खडकाकडे ढकललं आणि स्वतः तिरकी उतरत वाटेवर आली. देल्मीला उचललं, सुयापाचं मनगट धरलं, आणि काही न बोलता पुन्हा वर, घळीपलीकडे चालू लागली. मागून फिदेलिना रागानं बोलत आली. मुली ओढून नेल्यावर कुठली आई मागे येणार नाही?

घळ ओलांडून त्या तिच्या अंगणात पोचल्या. फिदेलिनानं तवा खाली ठेवला आणि भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात कुत्री गप्प झाली.

आवाज मोठा नव्हता. जड पोतं जमिनीवरून ओढल्यासारखा, पण सगळीकडून. उतार चरांसकट जसाच्या तसा उभा राहून खाली चालत गेला, घेवड्याच्या ओळी शेवटपर्यंत सरळ. मग तो पायथ्याशी दुमडला. धुरळा बसला तेव्हा घर नव्हतं, झरा नव्हता. उतार होता तिथे राखाडी, ओला, चकचकीत पाट उन्हात उघडा पडला होता. तव्यासारखा.

निकानोर खडकावर उकिडवा बसला होता. त्याची टोपी गेली होती. तेओ त्याच्यापाशी पोचली तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "बाकीच्या तीस ठिकाणी किती खोल खणलं होतंत, कोमाद्रे?"

"गुडघाभर," ती म्हणाली.

रविवारी चार गावांतून माणसं आली. त्यांना दाखवायला चर उरले नव्हते, म्हणून निकानोरनं त्यांच्या हातात कुदळी दिल्या. तेओ पुढे चालली, घोडी घरीच ठेवून, फक्त दगड आणि दोरी घेऊन. पहिल्या शेतात गळ्याइतक्या खोलीवर फुटका खडक लागला. दुसऱ्यातही. माणसं सैल झाली, कुणीतरी चेष्टाही केली. तिसऱ्या शेतात छातीइतक्या खोलीवर कुदळीचा आवाज बदलला.

तिनं मूठभर माती वर मागितली. वात वळली, वाकवली. कडं फाटलं नाही. ते तळहातावर धरून तिनं मान वर केली आणि उताराच्या पायथ्याशी बघितलं. खाली शाळेचं पत्र्याचं छप्पर चमकत होतं.

"चर फोडायला घ्या," ती म्हणाली. ह्या वेळी कुणी काही विचारलं नाही. आभाळात दक्षिणेकडून पुन्हा ढग भरायला लागले होते.