बाबांच्या कपड्यांतलं जहाज

बाबा मुंबईच्या गोदीत युद्धनौका बांधायच्या कामावर होते. इंजिनरूममधल्या वाफेच्या नळ्यांना ॲस्बेस्टॉसच्या पट्ट्या गुंडाळायच्या, आतली माणसं भाजू नयेत म्हणून. आम्ही ठाकुर्लीच्या चाळीत राहायचो आणि घरात एकच कायदा होता, गोदीतलं बाहेर बोलायचं नाही. शाळेत कोणी विचारलं की मी म्हणायचे, "सरकारी नोकरी."

आईचं माहेर ठाण्याच्या खाडीवरचं, कोळ्यांचं. ती बाबांना चिडवायची, "आमचे कडं नवी होरी पान्यान घालाची त आख्खा कोलीवारा जेवतं. तुमचा एवरा मोठा जहाज, न कोनाला सांगाचा नाय?" बाबा नुसते हसायचे. किती तोफा, किती क्षेपणास्त्रं, काही म्हणजे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. पण त्या नौकेची पांढरी भुकटी रोज त्यांच्या कपड्यांतून घरी यायची. आई ते कपडे गॅलरीत चांगले झटकायची आणि मग भिजवायची. एकदा बाबांनी त्या न जळणाऱ्या कापडाचा तुकडा आणला. आईनं त्याची गरम पातेली उतरवायची फडकी शिवली. शेजारणींना दाखवायची मात्र चोरी.

मी कॉलेजात असताना तिला धाप लागायला लागली. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, "घरात कोणी गिरणीत, कारखान्यात आहे का? धुळीचं काम?"

आईनं बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "नाही. सरकारी नोकरी."

मीही तिथंच स्टुलावर बसलेले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आज त्याची शिसारी येते.

टीबीची औषधं सुरू झाली. आईचं ताट वेगळं झालं, अंथरूण दारापाशी गेलं, शेजारची पोरं घरात येईनाशी झाली. तिच्या हातचं कालवणही आम्ही बंद केलं. ती उंबऱ्याशी बसून मला मीठ किती घालायचं ते सांगायची, मधेच थांबून श्वास घ्यायची.

वर्षभरानं कल्याणच्या दुसऱ्या डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवलं आणि मला खोदून खोदून विचारलं. तेव्हा मी सांगून टाकलं. त्यांनी छातीचा फोटो पुन्हा एकदा नीट बघितला. मग म्हणाले, "हा टीबी नाही. ही त्या कपड्यांतली धूळ आहे. आधी कळलं असतं तरी ती बरी झाली नसती. पण तिच्यापासून लांब राहायची काही गरज नव्हती."

घरी येऊन मी तिचं ताट आमच्या ताटांत मिसळलं. तिनं ते परत बाजूला काढून ठेवलं. सवय झाली होती तिला. पंधरा दिवसांत ती गेली, दारापाशीच.

पुढं ती नौका नौदलात दाखल झाली. पेपरात पान भरून आलेलं. लांबी किती, वेग किती, पुढं कुठली तोफ, क्षेपणास्त्रं किती आणि कुठवर मारा करतात, सगळं फोटोसकट. बाबांनी एकेका ओळीवर बोट ठेवत ते शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे हे सांगितलं असतं तर चाललं असतं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "चाललं असतं, बाबा."