रंगारीकाकांचा अंगठा

ठोकलेली गाडी रंगवून नवी करण्यात रंगारीकाकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. काम मनासारखं जमलं, की ते दाराच्या रबराखाली ओल्या रंगात अंगठा उमटवत.

निवृत्तीनंतर त्यांनी जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं मनावर घेतलं.

"लोहचुंबक लावून बघा," काकू म्हणाल्या. "पोच्यांत पुट्टी भरलेली असली, तर चिकटायचं नाही."

"चुंबक नवशिक्यांना! माझा हात काय झोपलाय?"

त्यांनी थंड इंजिन सुरू करून ऐकलं, टायरची झीज पाहिली, डोळे मिटून पत्र्यावर हात फिरवला आणि "कुठेच ठोकलेली नाही," असं छातीठोकपणे सांगून गाडी घरी आणली.

पहिल्याच फेरीत ती डावीकडे ओढू लागली. काकांनी डाव्या दाराचं रबर उचकटलं.

काकूंनी वाकून रंगात उमटलेला अंगठा पाहिला.

"हाताला यश आहे हो तुमच्या!"