फ्रीजमागचा ट्रे

सातवीच्या मुलांना डासाचं जीवनचक्र मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर चार आकृत्या काढायच्या आणि बाणांनी जोडायच्या: अंडी, अळी, कोष, डास. मरोळच्या आमच्या सोसायटीत माझी शिकवणी जोरात चालते, त्यात माझ्या सुबक आकृत्यांचा वाटा मोठा आहे. खरी अळी मात्र मी आयुष्यात पाहिली नव्हती. पाहायची गरजही वाटली नव्हती.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी नवऱ्याला डेंग्यू झाला. सहा दिवस हॉस्पिटल. रोज सकाळ-संध्याकाळ प्लेटलेट्सचा आकडा खाली यायचा आणि मला कुणालातरी धरून बदडावंसं वाटायचं. तळमजल्यावरच्या मावशी आयत्या सापडल्या. मालवणकडच्या, एकट्या राहणाऱ्या. यजमान गिरणीत होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. जिन्याशेजारच्या चिंचोळ्या जागेत मावशींनी रंगाच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत अबोली, अनंत, जास्वंद अशी बाग केली होती. प्रत्येक डब्याखाली एक बशी, आणि बशीत पाणी. मला एवढं पुरे होतं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि पंधरा मिनिटं सगळ्यांची शिकवणी घेतली. हवेत बोटाने बाणसुद्धा काढले. कुणीतरी म्हणालं, "पण त्या बशांत अळ्या तर दिसत नाहीत." मी म्हटलं, "अंडी काठाला चिकटून राहतात. पाणी सुकलं तरी मरत नाहीत." हे खरंच आहे, मी खोटं काहीच बोलले नव्हते. मावशी मागच्या खुर्चीवर गप्प बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सगळे डबे कचऱ्याच्या गाडीत गेले. तुळस तेवढी राहिली, कारण तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

आठवड्याभरात नवरा घरी आला, शिकवणी पुन्हा सुरू झाली. मी मुलांना गृहपाठ दिला, आपापल्या घरात साठलेलं पाणी शोधा. एक मुलगी म्हणाली, "टीचर, तुमच्या घरात शोधलं का?"

"शोधा ना," मी म्हटलं. "सापडलं तर पार्टी माझ्याकडून."

मुलं बाथरूममध्ये, बाल्कनीत पांगली. ही मुलगी मात्र सरळ किचनमध्ये जाऊन फ्रीजमागे वाकली. तिचे बाबा फ्रीज दुरुस्त करतात. "मागे खाली ट्रे असतो, टीचर. आतलं पाणी त्यात गळतं," ती म्हणाली. तो फ्रीज अकरा वर्षं माझ्या घरात आहे आणि त्याला ट्रे असतो हे मला ठाऊक नव्हतं.

तिने मोबाइलचा टॉर्च मारला. ट्रेमधलं पाणी हलत होतं. नीट पाहिलं तर पाणी नव्हतंच हलत, त्यात काळपट दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत होत्या. काही डोकं खाली करून लटकल्या होत्या. मधे स्वल्पविरामासारखे वाकलेले कोष. मागच्या भिंतीवर एक डास बसला होता, पायांवर पांढरे पट्टे. माझा फळा जिवंत होऊन माझ्याच किचनमध्ये राहत होता.

"भारी यार, सगळ्या स्टेज आहेत," मागून एक मुलगा म्हणाला. बघायला त्यांची ढकलाढकली चालली होती. हा डास दिवसा चावतो, जन्मला तिथून फार लांब जात नाही, हेही मीच शिकवते. आणि नवरा घरून काम करतो, फ्रीजला टेकलेल्या टेबलाशी दिवसभर लॅपटॉप उघडून. त्याला नेमका कुठला डास चावला ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण मी तर ते भर मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं होतं.

मुलांना लवकर घरी पाठवलं. ट्रे ओतला, तीनदा घासला. मग खाली गेले. मावशी दारात बसून तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, अळ्या माझ्याच घरात होत्या. फ्रीजमागे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "घोव बरो आसा मां आता?"

"बरा आहे."

"बशीतला पाणी मी रोज सकाळी ओतून टाकत होतंय गो," त्या म्हणाल्या. "काठ पण घासत होतंय."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"तू सायन्सची टीचर. तुझ्याफुडे मी काय बोलतलंय?"

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी दारातच उभी राहिले. पंधरा मिनिटं मी बोलले होते, आणि त्यात मावशींना एकही प्रश्न विचारला नव्हता.