लई कडू

पाडव्याला सकाळी मुकुंदवाडीतल्या आमच्या घरी नातीनं कडुलिंबाचा पाला चावला आणि असं तोंड वाकडं केलं, की सगळे हसले. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

तरुणपणी मी सिल्लोडच्या पलीकडं, डोंगरातल्या भिल्ल वस्तीवर नर्स होते. रायजीच्या सात वर्षांच्या मंगीला सरपण वेचताना साप चावला. सापाचं इंजेक्शन होतं सिल्लोडच्या दवाखान्यात. मक्याची पोती उतरवायला लावून मी एक जीप दारात आणली. पण रायजीनं आधी पोरीच्या तोंडात लिंबाचा पाला घातला. विष चढलं असेल तर पाला कडू लागत नाही, ही तिथली परीक्षा.

"कसं लागतंय, मंगे?"

"लई कडू," म्हणत तिनं जीभ बाहेर काढली. सगळी वस्ती हसली.

"बगा सिस्टर, आमच्या रगतात इख चढत नाय," रायजी म्हणाला आणि त्यानं जीप परत लावून दिली.

विष चढलं तरी पाला कडूच लागतो, हे मला ठाऊक होतं. दिवस कलला तसे मंगीचे डोळे मिटायला लागले. हाका मारल्या तरी उघडेनात. निरोप धाडून जीप परत बोलावली, ती आली तेव्हा तिचा श्वास थांबला होता.

वस्तीनं माझं ऐकलं नाही, असंच मी इतकी वर्षं सांगत आले. खरं म्हणजे मी काही बोललेच नव्हते. त्यांच्याबरोबर मीही हसले होते.