शहाळ्याचं पाणी

लेम्पा नदीकाठच्या आमच्या वस्तीतून राजधानीला, सान साल्वादोरला, शिकायला गेलेली पहिली पोरगी म्हणजे नोएमी. शिकायची काय, तर माणसाच्या अंगात पाणी कुठून कुठं झिरपतं, त्याच्यासोबत कोणता क्षार जातो, कोणता अडतो. मी शेजारीण, तिची टिंगल करायचे. "अगं, पाणी वरून जातं नि खालून येतं, त्याला कॉलेज कशाला गं?"

मग ऊस तोडता तोडता तिच्या भावाची, एलिसेओची, मूत्रपिंडं गेली. आमच्याकडं घराआड एकाची जातात. मेला तो ऊस आणि मेलं ते ऊन! नोएमी शिक्षण अर्धवट टाकून घरी आली. नळीनं त्याच्या पोटात पिशवीतलं पाणी सोडायची, ते रक्तातली घाण ओढून घेईपर्यंत थांबायची, मग काढून टाकायची. "पोटाचा पडदा हीच आता त्याची गाळणी, मावशी," म्हणायची. साबणानं हात धुऊन धुऊन तिची कातडी सोलली होती. प्यायचं पाणीसुद्धा त्याला मोजून द्यायची.

तरी एका सकाळी एलिसेओचं हृदय बंद पडलं. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं, असं दवाखान्यात सांगितलं. नोएमी भिंतीवर डोकं आपटत होती. "माझं कुठं चुकलं? मावशी, सांगा ना!" मी तिचं डोकं धरून मागं ओढलं.

एलिसेओ गेल्याच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला अंगण भरलं होतं. मी केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमाल वाढत होते. नोएमीचा धाकटा भाऊ विल्बर चुलीपाशी बसला होता. तोही ऊस तोडायचा, आणि एलिसेओसारखेच त्याचेही पाय सुजायला लागले होते. त्यांची आई दोमितिला कोयत्यानं शहाळं फोडून त्याला म्हणाली, "पी रे राजा. मूत्रपिंडं धुऊन निघतात." आम्ही सगळ्याच असं म्हणतो.

नोएमीनं झडप घालून शहाळं हिसकावलं आणि मातीत ओतलं.

"वेड लागलं का तुला?" दोमितिला ओरडली. "एलिसेओला रोज देत होते मी, तुझी पाठ वळली की! तहानेनं तडफडायचं लेकरू, तुला दया येत नव्हती!"

नोएमीचा चेहरा पांढराफटक पडला. ती एकदा आईकडं बघे, एकदा विल्बरच्या सुजल्या पायांकडं. माझ्या मनात आलं, बोलू नकोस गं बाई, मरेल ती. पण न बोलून कसं चालणार होतं?

"आई," ती म्हणाली, "शहाळ्यात पोटॅशियम असतं."

दवाखान्यातला तो शब्द दोमितिलाच्या ध्यानात होता. तिनं कोयता टाकला, विल्बरचा जबडा धरून त्याच्या घशात बोटं घातली. "ओक रे बाबा, ओक," म्हणत राहिली. त्यानं अजून एक घोटही घेतला नव्हता.